सावित्रीवरील दगडी पूल : महाड, १९२८ ते २०१६

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावून पोलादपूर आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीकडे जाणारी सावित्री ही लांबीने मोठी नदी नाही. परंतु घाटमाथ्यावर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक कोसळणाऱ्या पावसाचे पाणी ती अगदी थोड्या अंतरात समुद्रसपाटीला आणते, आणि त्याच वेळी खाडीत उधाणाची भरती असली तर हे पाणी पुढे न सरकता महाडच्या परिसरात तुंबते. अशा नदीवर, चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतरच्या वर्षी, म्हणजे १९२८ मध्ये, दगडी कमानींचा पूल उभा राहिला. तेव्हा कोकणाचे मुंबईशी दळणवळण मुख्यतः आगबोटींवर अवलंबून होते आणि रस्त्यावर बैलगाड्यांच्या जोडीला मोजक्याच मोटारी होत्या. पुढे हाच रस्ता मुंबई–गोवा महामार्ग झाला आणि बांधणाऱ्यांच्या कल्पनेतही नसलेली अवजड वाहतूक या पुलाने पेलली.

ती पेलता आली याचे कारण कमानीच्या रचनेत आहे. दगड दाब सहज सोसतो, पण ताण सोसत नाही. म्हणून पाचरीच्या आकाराचे घडीव दगड अर्धवर्तुळाकार लाकडी साच्यावर दोन्ही बाजूंनी रचत नेतात आणि माथ्यावर शेवटचा, कळीचा दगड बसवतात, म्हणजे वरून येणारा प्रत्येक भार दगडाला दगडावर अधिकच घट्ट आवळतो. कमानीच्या पाठीवर भराव घालून रस्ता सपाट केला जातो आणि त्या भरावाचे वजनही कमानीला स्थिर ठेवते. मात्र कमान भार केवळ खाली ढकलत नाही, बाजूलाही रेटते. लगतच्या दोन कमानींचे रेटे मधल्या खांबावर परस्परांना तोलून धरतात. त्यामुळे एखादा खांब खचला तर त्याच्यावरच्या दोन कमानी तर जातातच, पण त्यांच्या रेट्याला मुकलेल्या पुढच्या कमानीही एकामागून एक कोसळू शकतात. लोखंडी तुळयांचा पूल वाकतो, आवाज करतो. दगडी पूल सहसा अशी पूर्वसूचना देत नाही.

म्हणूनच अशा पुलाचे खरे आयुष्य पाण्याखाली ठरते. जाड खांब पात्राची रुंदी अडवतात, अडलेला प्रवाह त्यांच्यामधून अधिक वेगाने निघतो आणि खांबाच्या पायाभोवतीची वाळू व गोटे खरवडून नेतो. या झिजेमुळे पाया उघडा पडला तरी पूर ओसरताच खड्ड्यात नवा गाळ भरतो आणि वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. सांध्यांत रुजलेल्या झाडांची मुळे दिसतात, कठड्याच्या भेगा दिसतात, पाया दिसत नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, मुसळधार पाऊस आणि महापूर असताना, हा पूल कोसळला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एस.टी. गाड्या व इतर वाहने प्रवाहात गेली आणि चाळीसच्या आसपास माणसे प्राणास मुकली. शेजारीच नवा पूल असूनही मुंबईकडे जाणारी वाहतूक जुन्या पुलावरूनच चालू होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता. ही बाब दुर्घटनेइतकीच गंभीर आहे, कारण उन्हाळ्यात वरून केलेली पाहणी ऑगस्टमधल्या पायाबद्दल फारसे सांगू शकत नाही, आणि पाण्याखाली जाऊन पाया तपासणे ही दगडी पुलांच्या बाबतीत ऐच्छिक गोष्ट मानता येत नाही.

दुर्घटनेनंतर राज्यातील जुन्या पुलांच्या संरचनात्मक तपासणीचे आदेश निघाले. महाड येथे पडलेल्या पुलाच्या जागी अवघ्या १६५ दिवसांत काँक्रीटचा पूल बांधण्यात आला आणि ५ जून २०१७ रोजी, पावसाळा सुरू होण्याच्या सुमारास, तो वाहतुकीस खुला झाला.