परिच्छेद वाटून घेतलेला वर्ग

मुलं एका वर्गात बसवली की ती आपोआप एकमेकांची होतात, असं आपण धरून चालतो. अमेरिकेनंही ते धरलं होतं. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं पूर्वग्रहांवरच्या पुस्तकात बजावलं होतं, की नुसत्या सहवासानं पूर्वग्रह जात नाही. दर्जा सारखा हवा, काम सामायिक हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. निकाल सगळ्यांनी वाचला. पुस्तक, मला वाटतं, फार थोड्यांनी.

१९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानं एकत्र आली आणि शाळांतून मारामाऱ्या सुरू झाल्या. तिथल्या विद्यापीठातले एलियट अॅरन्सन मदतीला गेले. त्यांनी आधी नुसतं मागं बसून वर्ग पाहिला. शिक्षक प्रश्न विचारतात, पाच-सहा हात वर होतात, एकाला संधी मिळते. बाकीच्यांचे चेहरे पडतात आणि तो चुकला की खुलतात! ज्याची घरची भाषा इंग्रजी नाही तो हात वर करतच नाही. म्हणजे बाकं जवळ आणली होती, पण त्यांच्यावर जे चालायचं ती शर्यतच होती.

अॅरन्सन यांनी मैत्रीवर प्रवचन दिलं नाही, वाचन वाटून दिलं. पाच-सहा जणांचा मिश्र गट. वृत्तपत्रकार जोसेफ पुलित्झर यांचं चरित्र, त्याचे सहा परिच्छेद, प्रत्येकाला एकच. आधी तो आपला आपण वाचायचा. मग इतर गटांत ज्यांना तोच परिच्छेद आला त्यांच्यासोबत बसून तो पक्का करायचा. नंतर आपल्या गटात परतून सांगायचा. परीक्षा मात्र ज्याची त्यानं द्यायची, अन् ती सगळ्या चरित्रावर. तुकडे जुळवायच्या कोड्यावरून या पद्धतीला ‘जिगसॉ’ म्हणतात.

यात वाचनाची जात बदलते, हे मला फार मोलाचं वाटतं. एरवी मूल वाचतं ते बाईंना उत्तर द्यायला. इथं ते वाचतं शेजाऱ्याला सांगायला, आणि शेजारी ‘म्हणजे काय रे?’ विचारतो, तिथं नुसतं पाठांतर उघडं पडतं. अडखळणाऱ्याची थट्टा करणाऱ्यालाही लवकरच कळतं, की त्याचा परिच्छेद आपल्याला दुसरीकडून मिळणार नाही.

आता तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी विचारेल, ही मैत्री की गरज? अॅरिस्टॉटलनं मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगाची, आनंदाची आणि सद्गुणाची, पहिली त्याच्या लेखी कच्चीच, गरज संपली की ती संपते. आक्षेप खरा आहे. पण मित्र व्हायला वेळ लागतो, सोबत मीठ खावं लागतं, हेही त्यानंच सांगितलंय. मीठ खायला आधी एका पंगतीला तर बसायला हवं ना? ऑस्टिनमध्ये पंगत गरजेनं बसवली. दिवसातला थोडाच वेळ, काही आठवडे. मुलांना एकमेकांबद्दल आपुलकी वाटू लागली; काळ्या आणि मेक्सिकन मुलांचे गुण सुधारले, गोऱ्यांचे घटले नाहीत. १९७८ मध्ये यावर पुस्तक निघालं.

आपल्याकडचं गटकार्य म्हणजे हेच, असं कुणी म्हणेल. नाही हो. तिथं एक हुशार मुलगी रात्री जागून तक्ता करते आणि बाकीचे खाली नावं लिहितात.