मिरजेत म्युझियम कुठं आहे?

पुण्यातल्या ऑफिसमधले चार मित्र एका शनिवारी मिरज बघायला आले. मी मिरजेचा, म्हणून गाइड मीच. प्लॅटफॉर्मवर उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न आला, "म्युझियम किती वाजता उघडतं?" साताऱ्याला शिवाजी संग्रहालय आहे, कोल्हापूरला न्यू पॅलेस आहे. ज्याच्यासाठी मुद्दाम सहल काढावी, असं मोठं संग्रहालय मिरजेत नाही. इथल्या दाखवण्यासारख्या गोष्टी अजून कामात आहेत. म्हणून मी त्यांना लगेच स्टेशनाबाहेर पडू दिलं नाही.

एकेकाळी या जंक्शनवर ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. नॅरोगेज म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, रुळांतलं अंतर जेमतेम ७६२ मिलिमीटर. ती १९२७ साली मिरजेपर्यंत आली. पुढं तो सगळा मार्ग रुंद झाला, म्हणून तर ११ एप्रिल २०१६ ला दुष्काळी लातूरसाठी पाण्याची गाडी इथून थेट निघू शकली. पहिल्या खेपेला दहा टँकर, पाच लाख लिटर पाणी. ते भरताना गावातली जुनी हैदरखान विहीरही कामाला आली. मित्रांना हे सगळं माहीत होतं, पण 'लातूरची बातमी' म्हणून. ती मिरजेचीही होती.

किल्ल्यावर फार वेळ घालवला नाही, कारण उरलाय थोडाच. अफझलखानाच्या वधानंतर शिवाजी महाराजांनी या भुईकोटाला वेढा दिला होता. सिद्दी जौहर चालून येतोय म्हटल्यावर १६६० च्या मार्चमध्ये तो सोडून ते पन्हाळ्याला गेले. नंतर मिरज आली पटवर्धनांकडे. १८०१ मध्ये घरात वाटण्या झाल्या आणि चिंतामणरावांनी सांगलीला वेगळं बिऱ्हाड केलं. सांगली-मिरजेची चढाओढ तेव्हापासूनची, हे माझं मत. सांगलीकरांना विचारू नका.

मिरज आजही दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं, पण लोक उपचारांसाठी त्याच्या आधीपासून येत होते. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्यानं डोळे भाजले म्हणून डॉ. भडभडे यांच्याकडे आला. डोळे पुरते सुधारले नाहीत. शाळा शक्य नाही, तर गाणं शिकू दे, असं ठरलं आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्याची तालीम सुरू झाली. हे विष्णु दिगंबर पलुसकर. १८९६ मध्ये ते मिरजेतून बाहेर पडले, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९३१ मध्ये मिरजेतच वारले.

दुपारी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमाळ कोईल या छोट्या स्टेशनवर त्यांचा मृत्यू झाला, दफन मात्र मिरजेत. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ इथं अजून गाणं-बजावणं होतं आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळात. मला खाँसाहेबांची आणखी एक गोष्ट आवडते. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर श्रुतींची कंपनसंख्या मोजायच्या खटपटीत होते. त्यासाठी खाँसाहेब त्यांना स्वर गाऊन दाखवत. देवलांचं पुस्तक १९१० मध्ये आलं. कान आणि आकडा समोरासमोर बसलेत, ही कल्पनाच माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला भारी वाटते.

तिथून सतारमेकरांच्या गल्लीत. हे लोक मूळचे शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानांच्या लढाया संपल्या, धार लावून घेणारं कुणी उरलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यं दुरुस्त करता करता नवी घडवायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा वाळवून आणायचा, त्यावर लाकडी दांडी, पट्टी, नक्षी. इथपर्यंत सगळं डोळ्यांना दिसतं.

खरी गंमत त्यानंतर, जवारी लावताना. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा सपाट नसतो, अगदी किंचित उतरता असतो. छेडलेली तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि एका स्वरातून वरचे कितीतरी स्वर झंकारत बाहेर पडतात. तो उतार कानसेनं घासत आणायचा. एक हात घास, तार चढव, ऐक, तार उतरव, पुन्हा घास. तानपुऱ्यात शेवटी तारेखाली दोरा सरकवून आवाज खुलवायचा. कारागिराला विचारलं, किती घासायचं हे कसं कळतं? ते म्हणाले, "ऐका की."

माझ्या मित्रानं खिशातून फोन काढून तानपुऱ्याचं ॲप लावलं. गल्लीत क्षणभर जरा अवघडल्यासारखं झालं. पण कारागीर रागावले नाहीत. रियाझाला बरं आहे म्हणाले, मुलांना परवडतं. ॲपमध्ये असतो तो कुठल्यातरी खऱ्या तानपुऱ्याचा एकदाच रेकॉर्ड केलेला किंवा गणितानं बनवलेला आवाज. त्याची जवारी कधी उतरत नाही. म्हणजेच ती लावणाऱ्या माणसाची त्याला कधी गरज पडत नाही. इथल्या धंद्याची अडचण हीच आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. आता दुसऱ्या गावचा माल 'मिरजेचा' म्हणून विकता येणार नाही. पण मानांकन नावाचं रक्षण करतं. कान तयार व्हायला पोरानं वर्षानुवर्षं बापाशेजारी बसावं लागतं, आणि ती पोरं माझ्यासारखीच पुण्याला निघालेली असतात.

दुकानाच्या कोपऱ्यात कापडात गुंडाळलेला एक जुना तानपुरा उभा होता. वाजवून वाजवून तारांनी घोडीवर चऱ्या पाडल्या होत्या, आवाज बसला होता. असा तानपुरा बनवणाऱ्याकडंच परत यावा लागतो, म्हणून तो मिरजेला आला होता. सोमवारी त्याची जवारी काढायची होती.