टर्कीच्या वसंत-हंगामाचे वय

मार्च उजाडला की अमेरिकेत दक्षिणेकडून उत्तरेकडे एकेका राज्यात रानटी टर्कीच्या शिकारीचा हंगाम सुरू होत जातो. झाडावर रात्र काढलेला नर पहाटे माद्यांना घोगरी साद घालतो आणि दबा धरून बसलेला शिकारी मादीचा आवाज काढून त्याला बंदुकीच्या टप्प्यात बोलावतो. गेली काही वर्षे मात्र चर्चा आहे ती हंगामाच्या तारखांची. पक्षी घटले म्हणून जॉर्जिया आणि अलाबामा यांनी 2022 मध्ये आणि टेनेसीने 2023 मध्ये हंगाम पुढे ढकलला. जॉर्जियाने माणशी तीन नरांची मुभा दोनवर आणली. अलाबामाने पहिले दहा दिवस बनावट पक्षी मांडायला बंदी केली. बापजाद्यांची रीत सरकार मोडत आहे, अशी कुरकुर त्यावर होते. इतिहास या कुरकुरीच्या बाजूने नाही. आजचा वसंत-हंगाम अमेरिकेच्या बऱ्याच भागांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे, आणि तो जीवशास्त्रज्ञांनी हिशेब करून बसवलेला आहे.

त्याआधी जे होते त्याला हंगाम म्हणणे कठीण. एकोणिसाव्या शतकात टर्की वर्षभर मारली जाई, मादी की नर हे कोणी पाहत नसे, आणि मारलेले पक्षी बाजारात विकले जात. शेतीसाठी जंगल तुटत होते ते वेगळेच. कनेक्टिकटमधून हा पक्षी 1813 च्या सुमारास संपला, मॅसॅच्युसेट्समधला शेवटचा 1851 मध्ये माउंट टॉमवर मारला गेला. याच जातीचे मेक्सिकोत माणसाळवलेले वंशज तोवर जगभर पोहोचले होते. 1612 मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीरसाठी नेलेल्या नवलाईच्या वस्तूंत एक टर्की होता आणि दरबारी चित्रकार मन्सूरने त्याचे चित्रही काढले. परक्या दरबारात चित्र काढण्याजोगा ठरलेला हा पक्षी मायदेशी 1930 च्या दशकापर्यंत दोनेक लाखांवर आला होता.

सावरायला पैसा लागला आणि युक्तीही. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचे उत्पन्न वन्यजीवांसाठी राखून ठेवले. सुरुवातीला पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडले गेले. ते जगले नाहीत, कारण भक्षकाला भिणे त्यांना आईकडून शिकायलाच मिळाले नव्हते. मार्ग निघाला तो तोफेने उडवायच्या जाळ्यातून. बदकांसारख्या पाणपक्ष्यांसाठी बनवलेले हे जाळे 1951 मध्ये साउथ कॅरोलिनात टर्कीवर टाकले गेले. एका रानातले अस्सल जंगली पक्षी पकडून दुसऱ्या रानात सोडता येऊ लागले. पक्षी वाढले तसा शिकारीचा प्रश्न आला, आणि उत्तर वसंतात सापडले. एक नर अनेक माद्यांशी जोडी करतो. माद्या अंड्यांवर बसल्या की काही नर कमी झाल्याने पुढच्या पिढीत फारसा फरक पडू नये. शरदात थव्यावर गोळी झाडली तर मादीही जाते. मिसूरीने 1960 मध्ये चौदा काउंटींत तीन दिवसांचा हंगाम ठेवला आणि त्यात 94 पक्षी मारले गेले. हे पाऊल तेव्हा धाडसाचे होते, कारण वसंतातली शिकार हे शिकारी जगात जवळजवळ लांच्छन झाले होते. स्थलांतरी बदकांवरची वसंतातली गोळी 1918 च्या कायद्याने बंद झाली, ती याच लांच्छनातून. पेनसिल्व्हेनियात टर्की कधीच नामशेष झाली नव्हती, पण तिथली जुनी रीत शरदातली. वसंताचा हंगाम आला 1968 मध्ये. मॅसॅच्युसेट्समध्ये न्यूयॉर्कहून आणलेले 37 पक्षी 1972-73 मध्ये सोडले गेले, आणि तिथला पहिला वसंत-हंगाम 1980 चा.

दक्षिणेत तर ही शिकार जुनी आहे, तिचे काय, असे कोणी विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. आर्कान्सातल्या हेन्री गिब्सनने टर्कीला बोलावणाऱ्या लाकडी पेटीचे पेटंट 1897 मध्ये घेतले. मॅकिल्हेनी या लेखकाचे टर्कीच्या शिकारीवरचे पुस्तक 1914 चे. टर्कीच्याच पंखाच्या हाडाची शिट्टी तर मूळनिवासींकडची, हजारो वर्षांची. पण यातून जुनी ठरते ती साद घालण्याची कला. तारीख, माणशी मर्यादा, फक्त नर मारण्याचा दंडक ही चौकट त्या कलेसोबत आलेली नाही. ती नंतर तिच्याभोवती उभी केली गेली, आणि ती कला आज इतक्या राज्यांत टिकली आहे तीही बरीचशी या चौकटीमुळे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: तारखा बदलून उपयोगच होत नाही. हंगाम लवकर उघडला की दांडगे नर जोडी जमण्याआधीच पडतात आणि वीण बिघडते, असा तर्क तारखा पुढे नेण्यामागे होता. टेनेसीत काही काउंटींत हंगाम दोन आठवडे उशिरा सुरू करून पाहिला गेला, तेव्हा घरटी यशस्वी होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. एकेकाळी सत्तर लाखांच्या जवळ गेलेली देशभरातली संख्या आज साठ लाखांच्या आसपास आहे. दक्षिणेत प्रत्येक मादीमागे जगणारी पिल्ले कमी होत चालली आहेत, आणि त्यामागे बदललेली राने, घरटी लुटणारे रॅकून आणि ओपोसम अशी कारणे गुंतलेली आहेत. म्हणजे तारखेचा निर्णय चुकीचा असू शकतो. तो तसा असेल तर पिल्लांच्या मोजणीतून सिद्ध करता येईल. आजोबांचा दाखला तिथे उपयोगाचा नाही. मग राज्ये तारखेलाच का हात घालतात? कारण पूर्वेकडच्या राज्यांत बहुतेक जमीन खाजगी मालकीची आहे. तिथे रान कसे राखायचे हे मालक ठरवतो. वन्यजीव खात्याच्या हाती थेट उरतात त्या तारखा आणि माणशी नरांची मर्यादा.