डागलेल्या शिरा

१९९८. फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल आईसागेर व सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांत दाखवून दिले की, एट्रियल फिब्रिलेशनची ठिणगी बहुधा फुप्फुसांतून हृदयाकडे येणाऱ्या शिरांत पडते. मग कॅथेटर त्या शिरांत नेऊन आतूनच डागणे सुरू झाले.

ठोके सुधारले, पण काहींची डागलेली शीर व्रण भरताना आकसली. दम लागे, खोकल्यातून रक्त पडे, आणि निदान होई न्यूमोनियाचे! पातूरला असा रुग्ण आला, तर पहिली शंका क्षयाची येईल. तीही वावगी नव्हे.

साध्या एक्स-रेत शिरेचे तोंड दिसत नाही. सीटी अँजिओग्राफीत ते मोजता येते, उपचारापूर्वीच्या चित्राशी ताडता येते. हे उमगल्यावर डागण्या शिरेबाहेर, हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीवर सरकल्या.