हॉटेलच्या भिंतीवर पोफळी कुठाय?

आजचा विषय ऐकायला एकदम सुट्टीचा आहे. हल्ली बुकिंग करताना आपल्याला नुसती खोली नको असते, 'लोकल हिस्ट्री' पण हवी असते. जुना दरवाजा, पितळी घंगाळ, भिंतीवर एखादा काळापांढरा फोटो. मागणी आहे म्हटल्यावर पुरवठाही आला. आता यातलं खरं किती आणि सजावट किती, ते बघूया.

आधी जमलेलं उदाहरण. सावंतवाडीचा राजवाडा. तिथे भोसले घराण्याने आवारातच बुटीक हॉटेल सुरू केलंय आणि त्याचा सगळा डोलारा गंजिफावर उभा आहे. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२० पत्ते असतात. १९७० च्या दशकात ही कला जवळजवळ संपलीच होती. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी उरलेल्या वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली, मग राजवाड्यात कारागीर बसवले. हॉटेल नंतर आलं. आधी काम, मग खोली. म्हणून तिथल्या भिंतीवरचं चित्र खोटं वाटत नाही.

पण प्रत्येक गावाला राजवाडा नसतो ना! आता सावंतवाडीहून मुंबईच्या रस्त्याला लागा, चिपळूणला या आणि तिथून कराडकडे वळा. कुंभार्ली घाट सुरू व्हायच्या आधी, सह्याद्रीच्या अगदी पायाशी लागते पोफळी. नाव ऐकून डोळ्यासमोर सुपारीची वाडी येते. दिसतात मात्र उच्चदाबाच्या तारा, मनोरे आणि कोयना प्रकल्पाची वसाहत. इथे मुक्काम करणाऱ्याला मालकाने कुठला इतिहास दाखवावा?

माझं उत्तर सरळ आहे. डोंगराच्या पोटातला.

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे तिच्या पाण्याने जायचं ते बंगालच्या उपसागरात. पण नदीच्या पश्चिमेला लगेच सह्याद्रीचा कडा आहे आणि खाली कोकण. पाणी या बाजूला सोडलं तर साडेचारशे मीटरपेक्षा जास्त खोल पडतं. एवढी उंची म्हणजे वीजच. टाटांनी ही जागा स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी हेरली होती, पण पैशाचं जमलं नाही. शेवटी सरकारने १९५४ च्या सुमाराला काम सुरू केलं. देशमुखवाडीजवळ १०३ मीटर उंचीचं धरण, नवजाकडून डोंगर पोखरून बोगदा, आणि पोफळीला जमिनीखाली वीजगृह. १९६२ मध्ये पहिली वीज निघाली.

पोफळीतून सुटलेलं पाणी पुढे कोळकेवाडी धरणात अडवतात, तिथून अलोऱ्याला त्यावर पुन्हा वीज काढतात आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात. वाशिष्ठी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला. पूर्वेच्या समुद्राचं पाणी पश्चिमेच्या समुद्रात! किती वळवायचं यावरही भांडण झालं आणि कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. सगळे टप्पे धरून आज प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. मुंबई-पुण्याच्या कितीतरी हॉटेलांतले एसी या डोंगराने चालवलेत, आणि त्यातल्या एकाच्याही लॉबीत पोफळीचा फोटो मी अजून पाहिलेला नाही.

इथवर गोष्ट अभिमानाची आहे. आता दुसरी बाजू.

११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या पुढे. माणसं साखरझोपेत होती. कोयनानगर भूकंपाने कोसळलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. वीज बंद पडली तशी मुंबईच्या कारखान्यांनाही झळ बसली. मोठ्या जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो का, हा प्रश्न जगभरचे शास्त्रज्ञ विचारतात तेव्हा कोयनेचं नाव हमखास येतं. त्या अभ्यासासाठी या भागात खोल विंधनविवरही खोदलं आहे.

आणि त्याही आधीची एक गोष्ट, जिचा आवाजच झाला नाही. घाटावर शिवसागर जलाशय पसरलाय. तापोळ्याला त्याला 'मिनी काश्मीर' म्हणतात, बॅकवॉटर व्ह्यूच्या खोल्यांना भाडंही जास्त असतं. त्या व्ह्यूच्या खाली गावं आहेत. भातखाचरं, देवळं, पाणवठे. पाणी चढलं तशी माणसं उठली. राज्यात पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ साली, म्हणजे धरण भरून दशक उलटल्यावर. कोणी सोलापूर-सांगलीकडे गेलं, कोणी रायगड-ठाण्याकडे. जे डोंगरावर वर सरकले त्यांच्याभोवती १९८५ मध्ये अभयारण्य आलं आणि २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प. धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या जमिनीसाठी आजही मोर्चे काढतायत. धरण त्यांच्या आजोबांच्या वेळचं!

मला विचाराल तर 'हेरिटेज स्टे' या शब्दाची खरी परीक्षा इथे होते. राजाचा इतिहास भिंतीवर टांगणं सोपं, तो दिसायला देखणा असतो. बोगदा खोदणारा मजूर, वसाहतीत जन्मलेली पोरं, पाण्याखाली गेलेली गावं, यांचे फोटो देखणे निघत नाहीत. तरी ते लावता येतात. बुडालेल्या गावांच्या नावांची एक पाटी लावायला खर्च तो काय येणार?

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. वीजगृह परवानगीशिवाय बघता येत नाही, उगाच गेटवर हुज्जत घालू नका. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात दरड पडते, निघण्याआधी रस्त्याची चौकशी करा. स्वच्छ दिवशी घाटाच्या वळणावर थांबून खाली बघा, पोफळीतून निघालेल्या तारा डोंगरांवरून जाताना दिसतात.

आणि चेक-इन करताना वायफायचा पासवर्ड तर विचारालच. त्याच दमात काउंटरवरच्या माणसाला हेही विचारा, "दादा, तुमचं मूळ गाव कुठलं हो? पाण्याच्या वर की खाली?"