हिस्लॉप, स्टीफन

(८ सप्टेंबर १८१७ – ४ सप्टेंबर १८६३). स्कॉटिश मिशनरी व विदर्भातील जीवाश्मांचे आद्य संशोधक. जन्म स्कॉटलंडमधील डन्स येथे. १८४५ मध्ये ते नागपूरला आले, तेव्हा तिथे भोसल्यांचे राज्य होते. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज (१८८३) त्यांच्याच नावाचे. भूविज्ञान हा त्यांचा पेशा नव्हता. धर्मप्रचारासाठी गावोगाव हिंडताना ते नाल्यांचे काठ न्याहाळत, उघडे पडलेले दगड फोडून पाहत. सगळे संशोधन त्यातूनच झाले.

नागपूरलगतच्या टाकळी येथे त्यांना व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना (हे पुढे इंग्रजी कोशकार म्हणून नावाजले) काळ्या पाषाणाच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या, थरांच्या दरम्यान गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, फळे, बिया आणि किडे दगड होऊन बसलेले सापडले. लाव्हा एका दमात ओतला गेला नव्हता, हे त्यावरून उघड झाले. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात इथे तळी साचली होती आणि त्यांत जीव नांदत होते. आपल्या पायाखालच्या दगडाची ही समज हेच हिस्लॉप यांचे खरे देणे, कुठल्याही एका जीवाश्मापेक्षा मोठे. नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा दोघांचा निबंध १८५५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. मांगली येथे मिळालेल्या एका उभयचराच्या कवटीला रिचर्ड ओवेन यांनी ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. लॅटिसेप्स म्हणजे रुंद डोक्याचा.

माशांचे जीवाश्म म्हटले की आज आर्क्टिक आठवते. २००४ मध्ये कॅनडाच्या एल्समिअर बेटावर टिक्टालिक हा प्राचीन मासा मिळाला, तो उघड्याबोडक्या खडकांत. विदर्भात मात्र खडक काळ्या मातीखाली दडलेला असतो. नांगर फिरावा, विहीर खणावी, नाल्याची दरड ढासळावी, तेव्हा कुठे काही दिसते. वरोऱ्याजवळच्या डोंगरगाव येथे लाव्ह्यापूर्वीच्या लामेटा थरांत मासे आहेत. ब्रिटिश म्युझियमचे आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये त्यांचे वर्णन केले. त्यांतला एक ‘गार’ नावाच्या माशांच्या कुळातला, लांबट जबड्याचा, कौले बसवावीत तशा चकचकीत, तिरप्या चौकोनी खवल्यांचा. हे कुळ आता उत्तर व मध्य अमेरिका आणि क्यूबा एवढ्यापुरतेच उरले आहे. दुसऱ्या माशाचे नाव इओसेरॅनस हिस्लोपी. शेजारच्या पिसदुऱ्याची डायनासोरची हाडे हिस्लॉप यांनीच प्रथम उजेडात आणली. तिथल्याच अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण मिळाल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले, आणि डायनासोरांच्या काळात गवत होते हे सिद्ध झाले.

टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना, पूर आलेल्या ओढ्यात बुडून हिस्लॉप यांचा मृत्यू झाला. छेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. गोंडांची भाषा आणि गीते यांविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून आणली.