पाव, दालचिनी आणि पंगत

नाशिकमधल्या बेकऱ्यांत हल्ली नेहमीच्या लादीपावाशेजारी कधीकधी दालचिनीचा गोड पाव दिसतो. ज्यांच्याकडे ओव्हन आहे अशा काही घरांतही तो भाजला जातो. मैदा, यीस्ट, लोणी आणि साखर घालून मळलेले पीठ फुगले की ते लाटायचे, त्यावर साखर आणि दालचिनीची पूड पसरायची, गुंडाळी करून साच्यात ठेवायची आणि भाजायची. कापल्यावर आत तपकिरी भोवरा दिसतो. एक पाव सहज सहा-सात जणांना पुरतो, म्हणून तो चहाच्या वेळी सगळे घरी असताना कापतात.

या पावातल्या दोन गोष्टींचा, म्हणजे दालचिनी आणि खुद्द पाव यांचा, इतिहास आम्ही येथे शेजारी शेजारी मांडणार आहोत. दोन्ही आपल्याकडे समुद्रमार्गे आल्या. दालचिनी कुणीही न अडवता थेट मसाल्याच्या डब्यात जाऊन बसली. पाव मात्र तीनशेहून अधिक वर्षे अनेक घरांच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. असे का झाले?

साल आणि तिच्या दंतकथा

दालचिनी हा शब्द फारसी 'दारचीनी'वरून आला. त्याचा अर्थ 'चीनचे लाकूड'. प्रत्यक्षात ते लाकूड नसून झाडाच्या सालीचा आतला थर असतो. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. श्रीलंकेची खरी दालचिनी पातळ असते, तिचे अनेक पापुद्रे एकात एक गुंडाळलेले असतात आणि ती बोटांनी चुरता येते. चीनकडची कॅशिया जाड, टणक आणि एकाच थराची असते. वर्गात दोन्ही आणून मुलांना ओळखायला सांगता येईल.

युरोपीय लोकांना दालचिनी हवी असे, पण ती कोठून येते हे ठाऊक नव्हते. व्यापारीही ते सांगत नसत. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवले की अरबस्तानात मोठे पक्षी दालचिनीच्या काड्यांची घरटी करतात. लोक खाली मांसाचे मोठे तुकडे ठेवतात, पक्षी ते वर नेतात, ओझ्याने घरटे कोसळते आणि माणसे काड्या गोळा करतात. असल्या कथा दोन हजार वर्षे टिकल्या. त्या खोडून काढणारे एक महत्त्वाचे पुस्तक गोव्यात छापले गेले. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे. १५६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात भारतातल्या औषधी द्रव्यांवर संवाद आहेत. त्यांतल्या एका संवादात त्याने दालचिनीविषयीच्या जुन्या कल्पना तपासून चुकीच्या ठरवल्या आणि उत्तम दालचिनी सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, असे नोंदवले.

त्या दालचिनीसाठी लढायाही झाल्या. पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला सिलोनला पोचले, १६५८ पर्यंत डचांनी त्यांना तिथून हुसकले आणि १७९६ मध्ये इंग्रजांनी डचांची जागा घेतली. आपल्या स्वयंपाकघराला या उलाढालीची झळ लागली नाही. दालचिनी कुणाच्या हाताने सोलली, कुणाच्या गलबतातून आली, हे कोणी विचारले नाही.

पाव हा शब्द

'पाव' म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून चार तुकड्यांचा तो पाव, असे अनेकांना वाटते. पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, असेही सांगितले जाते. दोन्ही व्युत्पत्ती चुकीच्या आहेत. पोर्तुगीज भाषेत ब्रेडला 'पांव' असा सानुनासिक उच्चाराचा शब्द आहे, त्याचा मराठीत 'पाव' झाला. बटाटा, काजू, अननस, पगार, घमेले हे शब्दही त्याच भाषेतून आले.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली. त्यांना रोजच्या जेवणाला पाव हवा होता. गहू मिळाला, भट्ट्या बांधता आल्या, पण पीठ फुगवायला यीस्ट कुठून आणायचे? गोव्यातल्या पावभट्टीवाल्यांनी, म्हणजे पदेरांनी, माडाच्या सुरीचा उपयोग केला. माडाचा गोड रस काही तासांत आपोआप आंबतो, कारण त्यात हवेतले आणि झाडावरचे यीस्ट वाढते. युरोपातला पाव आणि कोकणातला माड यांची अशी जोडी जमली.

याच प्रदेशात विहिरीतल्या पावाची कथा सांगितली जाते. रात्री कुणीतरी गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी गावाने पाणी भरले आणि मग पाव पाण्यात होता हे कळले. सगळा गाव 'बाटला' आणि परत येण्याची वाट बंद झाली. कथा खरी किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली यावरून एक गोष्ट कळते. माणसाला त्याच्या घरादारापासून तोडायला पावाचा एक तुकडा पुरेसा आहे, असे लोक मानत होते.

अडचण आंबवण्याची होती का?

पाव आंबवलेला म्हणून निषिद्ध ठरला असेल का? आपल्या घरांत जिलबीचे पीठ आंबवतात, ढोकळ्याचे आणि आंबोळीचे आंबवतात. म्हणजे किण्वन आपल्याला नवे नव्हते. पावात फरक इतकाच की गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होते. यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडते, तो या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते. ज्वारी-बाजरीत असे जाळे बनत नाही, म्हणून भाकरीचे पीठ पावासारखे फुगवता येत नाही.

सुरीचे नाते ताडी-माडीशी, म्हणून नाक मुरडणारे होतेच. पण खरे कारण वेगळे होते. सोवळ्याओवळ्याच्या नियमांत कोरड्या आणि शिजवलेल्या वस्तूंत मोठा भेद केला जाई. धान्य, मसाले, लाह्या, फुटाणे बाजारातून आणलेले चालत. पीठ, पाणी आणि मीठ एकत्र करून शिजवले की ते 'खरकटे' झाले. ते आपल्याच जातीच्या हातचे हवे. दालचिनी वाळलेली साल होती, म्हणून चालली. पाव हे दुसऱ्याच्या हाताने मळलेले आणि भाजलेले अन्न होते. तो करणारे मुख्यतः ख्रिस्ती आणि मुसलमान होते. सगळा आक्षेप पीठ मळणाऱ्या हातांवर होता.

बंद दाराआडचा तुकडा

या नियमाचा जाच किती होता हे १८४३ च्या मुंबईतल्या एका प्रकरणावरून दिसते. श्रीपत शेषाद्री नावाचा लहान ब्राह्मण मुलगा स्कॉटिश मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. पण तो परक्यांकडे जेवला होता, मग घरात घ्यायचा कसा? प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यावरून मोठा वाद पेटला. मुलगा कायद्याने घरचा झाला होता, पण पंगतीत त्याला जागा नव्हती.

सहा वर्षांनी, १८४९ मध्ये, मुंबईत परमहंस सभा नावाची गुप्त मंडळी स्थापन झाली. तिच्या प्रमुखांत मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. जातिभेद मोडणे हा सभेचा एक हेतू होता. सभासद होणाऱ्याला प्रतिज्ञा तर करावी लागेच, शिवाय ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे.

परीक्षेसाठी पावच का निवडला असेल? आम्हाला वाटते की ही निवड फार विचारपूर्वक होती. जात मानत नाही, असे तोंडाने कुणीही म्हणू शकतो. घास गिळणे ही मात्र सर्वांसमोर घडणारी आणि परत न घेता येणारी कृती आहे.

अर्थात 'सर्वांसमोर' म्हणजे बंद दाराआड जमलेल्यांसमोर. हे लोक घरी जाऊन काही बोलू शकत नव्हते. कळले असते तर वाळीत पडण्याची भीती होती. लग्नसंबंध थांबत, जेवायला कोणी येत नसे, मर्तिकालाही माणसे मिळत नसत. १८५० साली कायदा झाला की धर्म बदलल्यामुळे किंवा जात गेल्यामुळे कुणाचा वारसाहक्क बुडणार नाही. यावरून त्याआधी काय होत असे ते उघड आहे. पण कायदा मालमत्ता वाचवू शकत होता, ताट नाही. १८६० च्या सुमारास सभेचे कागद चोरीला गेले, नावे बाहेर पडली आणि सभा मोडली. पुढे १८६७ मध्ये दादोबांचे भाऊ आत्माराम पांडुरंग आणि त्यांचे सहकारी यांनी प्रार्थना समाज काढला, तो मात्र उघडपणे.

याच काळात फ्रान्समध्ये लुई पाश्चर किण्वन हे सजीव यीस्टचे काम आहे हे प्रयोगांनी दाखवत होता. पाव का फुगतो हे जगाला समजू लागले होते, तेव्हा मुंबईत पाव खाल्ला म्हणून माणसे लपत होती.

तीस वर्षांनंतरही फारसा फरक पडला नव्हता. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि इतर प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. तिथे चहा-बिस्किटे दिली गेली. हे घडवून आणण्यात गोपाळराव जोशींचा हात होता. पुढे 'पुणे वैभव' पत्रात उपस्थितांची नावे छापून आली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळक आणि रानडे दोघांनाही शेवटी प्रायश्चित्ताचा मार्ग धरावा लागला.

नाशिक

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हा इतिहास आतल्या बाजूने दिसतो. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक होते की बाजारातले मीठसुद्धा धुतले जाई. १८९५ मध्ये त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. पुढे पतीजवळ अहमदनगरला आल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक आणि पाणी निराळे ठेवले. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षे एका कुटुंबात प्रश्न होता तो हा: एकत्र जेवायचे की नाही?

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. परमहंस सभेच्या लोकांना वाळीत पडण्याची भीती होती. या देशातली कोट्यवधी माणसे जन्मतःच वाळीत होती. त्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते आणि सावलीही नको होती. त्यांना गुप्त सभा घेऊन काही सिद्ध करायचे नव्हते, त्यांना माणूस म्हणून जागा हवी होती. नाशिकमध्येच २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दार आणि पंगतीतले पान यांमागचा नियम एकच होता.

पाव घरात कसा आला

पाव घरात आला तो वादविवाद जिंकून नव्हे, हळूहळू आला. नाशिकशेजारी देवळालीला इंग्रजी फौजेची छावणी होती. गोऱ्या शिपायाच्या शिध्यात पाव असे. शहरांत दवाखान्यातल्या आजाऱ्याला पचायला हलका म्हणून चहा-पाव दिला जाई, आणि 'औषध' म्हटले की नियम सैल होत. गिरण्या, कचेऱ्या आणि इराणी हॉटेले आली, तिथे शेजारी कोण बसले हे विचारायची सोय नव्हती.

आणखी एक वाट म्हणजे नानकटाईची. घरोघरी ओव्हन नव्हते, तेव्हा दिवाळीआधी किंवा सुट्टीत बायका रवा, मैदा, तूप, साखर डब्यांत भरून बेकरीत नेत आणि भट्टीत नानकटाई भाजून आणत. जिन्नस आपले, भट्टी दुसऱ्याची. सोवळ्याच्या नियमात ते कुठे बसते याचा विचार कोणी केला नाही. आज नाशिकची मिसळ पावाशिवाय पुढे येत नाही.

वर्गात करण्यासारखे

आपल्या गोड पदार्थांत वेलची आणि जायफळ असते, दालचिनी बहुतेक मसाल्यात आणि भातात राहते. गोड पावात ती घालण्याची रीत युरोपातली. ती गुंडाळीत पसरतात, पिठात फारशी मिसळत नाहीत. चवीखेरीज याला एक कारण आहे. दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड हे द्रव्य यीस्टची वाढ रोखते. मुलांना हे पाहता येईल. दोन सारख्या बाटल्यांत सारखेच कोमट पाणी, साखर आणि यीस्ट घ्या. एकीत चमचाभर दालचिनीची पूड घाला. दोन्हींच्या तोंडाला फुगे बांधा आणि दर दहा मिनिटांनी फुग्यांचा घेर दोऱ्याने मोजून लिहा.

दुसरे काम घरी करायचे. आजी-आजोबांना विचारायचे: तुमच्या लहानपणी घरात पाव येत असे का? कोण आणत असे? चुलीजवळ न्यायची परवानगी होती का? तुमच्या घरचे अन्न कुणी नाकारले होते का? उत्तरे वहीत लिहून वर्गात वाचली, तर एकाच गावाचे अनेक इतिहास समोर येतील. काही मुलांच्या घरी पाव बाहेर ठेवला गेला असेल, काही मुलांच्या घरच्या माणसांना बाहेर ठेवले गेले असेल. शिक्षकाने दोन्ही उत्तरे तितक्याच आदराने ऐकून घ्यावीत. ज्या दिवशी ही वाचने होतील, त्या दिवशी वर्गात एक पाव आणून सगळ्यांनी वाटून खाल्ला तर उत्तमच.